सुईची फेरपालट

साखर वाढली की डोस वाढतो. नाशिकच्या कॉलेज रोडवरचा चकचकीत दवाखाना असो की दिंडोरीचं ग्रामीण रुग्णालय, मधुमेहाच्या तपासणीचा क्रम बहुतेक ठिकाणी सारखाच. उपाशीपोटीचा आणि जेवणानंतरचा रिपोर्ट पाहायचा, एचबीए१सी, म्हणजे गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर, किती आलं ते पाहायचं, गोडधोड चालू आहे का, चालणं होतं का, एवढं विचारायचं आणि चिठ्ठीवर सकाळच्या वीस युनिटचे चोवीस करायचे. या सगळ्यात "इंजेक्शन कुठं घेता, जरा दाखवा" असं म्हणून पोटावर हात फिरवून पाहणारे डॉक्टर थोडे. पेशंटही आपणहून दाखवत नाही, कारण दाखवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटतच नाही. तिथं दुखत नसतं. उलट तिथं सुई टोचली की कळतही नाही, म्हणून तर ती जागा त्याच्या सवयीची झालेली असते.

इन्शुलिन किती घ्यायचं यावर आपल्याकडं भरपूर बोललं जातं, कोणतं घ्यायचं यावरही. कुठं घ्यायचं, हा प्रश्न मात्र पहिल्या दिवशी घाईघाईत सांगितलेल्या दोन वाक्यांवर निकालात निघतो आणि पुढची दहा-दहा वर्षं त्याच्याकडं कुणी वळून पाहत नाही. गेल्या दहा-पंधरा वर्षांतले अभ्यास एकत्र ठेवून पाहिले तर माझं मत असं झालं आहे की जागा हा डोसचाच भाग आहे. बिघडलेल्या जागेत घेतलेले वीस युनिट हे वीस युनिट राहत नाहीत; ते कधी बारा होतात, कधी अठरा, आणि आज किती झाले हे कुणालाच सांगता येत नाही.

जागा बिघडते म्हणजे काय होतं? इन्शुलिनचं काम फक्त साखर खाली आणण्याचं नाही. चरबी साठवून ठेवा, असा निरोपही ते शरीराला देत असतं. सुईच्या टोकाशी ते रक्तातल्या प्रमाणाच्या कितीतरी पट दाट असतं. रोज त्याच बोटभर जागेत ते पडत राहिलं की तिथल्या चरबीच्या पेशींना वाढण्याचा निरोप रोज मिळतो. त्यात सुईची रोजची बारीक जखम. पेशी फुगतात, त्यांच्या मधोमध चिवट तंतू तयार होतात, रक्तवाहिन्या विरळ होतात आणि संवेदना बोथट होते. डॉक्टरी भाषेत याला लायपोहायपरट्रॉफी म्हणतात. पेशंट साधं 'गाठ' म्हणतात. ही कॅन्सरची गाठ नव्हे, तिची त्या अर्थानं भीती बाळगायचं कारण नाही. ती इन्शुलिन धरून ठेवते, आणि मनाला येईल तेव्हा, मनाला येईल तेवढं सोडते, हा तिचा खरा उपद्रव.

तिची ओळख पटायला मशीन लागत नाही. खिडकीजवळ, उजेड एका बाजूनं येईल असं उभं राहायचं. बेंबीच्या दोन्ही अंगांना, जिथं नेहमी सुई जाते तिथं, उजेडाच्या विरुद्ध बाजूला हलकी सावली पडते का ते पाहायचं. काही गाठी लिंबाएवढ्या दिसतात, काही नुसत्या सपाट आणि किंचित जाडसर असतात. त्या डोळ्याला दिसत नाहीत, बोटालाच कळतात. म्हणून बोटांना थोडं तेल किंवा साबणाचं पाणी लावून निरोगी भागाकडून इंजेक्शनच्या भागाकडं हळूहळू गोल फिरवत आणायची. एका ठिकाणी मऊपणा संपतो आणि रबरासारखा घट्टपणा लागतो. मग दोन बोटांच्या चिमटीत कातडी धरून पाहायची. निरोगी कातडी पातळ घडीत येते; गाठीवरची येत नाही, चिमूट रुंद राहते, बोटं एकमेकांजवळ जात नाहीत. एवढी परीक्षा कुणीही घरी पाच मिनिटांत करू शकतो. ज्याला पोट खाली वाकून दिसत नाही, त्याची बायको, सून, मुलगा करू शकतो.

सुईच्या जागेचं दुखणं इन्शुलिनइतकंच जुनं आहे. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोच्या जनरल हॉस्पिटलमध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्शुलिनचा अर्क टोचला गेला. तो पुरेसा शुद्ध नव्हता, आणि टोचलेल्या जागी गळू झालं. जेम्स कोलिप यांनी अर्क शुद्ध केल्यावर २३ जानेवारीला पुन्हा इंजेक्शनं सुरू झाली आणि मुलगा सावरला. पुढची साठ वर्षं इन्शुलिन गायी-डुकरांच्या स्वादुपिंडातून यायचं. त्या काळातली तक्रार उलटी होती: सुईच्या जागी चरबी झिजून खड्डे पडत. १९८२ साली अमेरिकेत मानवी इन्शुलिनला मान्यता मिळाली, पुढं ते जगभर पसरलं आणि खड्डे दुर्मीळ झाले. औषध शुद्ध झालं, म्हणजे जागेचा प्रश्न मिटला, असं तेव्हा अनेकांना वाटलं असणार. मिटला नाही. खड्डे गेले, गाठी राहिल्या. कारण त्या औषधाच्या अशुद्धीमुळं होत नव्हत्या, औषधाच्या मूळ गुणामुळं आणि आपल्या सवयीमुळं होत होत्या. १९८५ मध्ये डेन्मार्कच्या एका कंपनीनं इन्शुलिनचं पेन आणलं, सुया आखूड आणि बारीक झाल्या, टोचणं सोपं झालं. सोपं झाल्यामुळं हात आणखी सहज त्याच त्या जागी जाऊ लागला.

किती लोकांना गाठी असतात? २०१३ मध्ये स्पेनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात इन्शुलिन घेणाऱ्या ४३० जणांची पोटं-मांड्या हातानं तपासल्या होत्या आणि जवळजवळ ६४ टक्के लोकांना गाठी सापडल्या. त्याहून बोलका आकडा पुढचा आहे. जे नीट जागा बदलत होते त्यांच्यापैकी फक्त ५ टक्क्यांना गाठ होती. आणि ज्यांना गाठी होत्या त्यांच्यापैकी ९८ टक्के लोक एकतर जागा बदलतच नव्हते किंवा चुकीच्या पद्धतीनं बदलत होते. कारण कळत नसताना साखर एकदम खाली जाण्याचा त्रास गाठवाल्यांपैकी ३९ टक्क्यांना होता, बाकीच्यांपैकी ६ टक्क्यांना. गाठवाले दिवसाला सरासरी ५६ युनिट घेत होते, बिनगाठीचे ४१. हा पंधरा युनिटचा फरक सगळा गाठीनं खाल्ला असं म्हणता येणार नाही, कारण जास्त डोस घेणाऱ्यालाही गाठ होण्याची शक्यता अधिक असते. कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे एकदाच केलेल्या पाहणीतून वेगळं काढता येत नाही. पण दिशा स्पष्ट आहे. २०१४-१५ मध्ये ४२ देशांत तेरा हजारांवर पेशंटांची पाहणी झाली, तिच्यात भारतातली केंद्रंही होती. तिथं तपासणीत सुमारे ३१ टक्क्यांना गाठी आढळल्या. वेगवेगळे अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये काढलेली सरासरी ३८ टक्के आली. आकडे कमीजास्त होतात ते तपासणाऱ्याच्या हातावर. सोनोग्राफी लावली की आणखी सापडतात.

मग गाठीत इन्शुलिन टोचलं तर नेमकं काय होतं, हे जर्मनीत थेट मोजलं गेलं आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. टाइप १ मधुमेहाच्या तेरा जणांना तोच डोस एकदा गाठीत आणि एकदा निरोगी चरबीत दिला. गाठीतून रक्तात पोचलेलं इन्शुलिन सुमारे पाचव्या हिश्शानं कमी होतं. तोच आहार दिल्यावर जेवणानंतरची साखर चौथ्या हिश्शाहून अधिक चढली. आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, एकाच माणसात, एकाच गाठीत, आजचा आणि उद्याचा परिणाम यांतली तफावत निरोगी जागेपेक्षा कित्येक पटींनी जास्त होती. अभ्यास लहान आहे, हे खरं. पण प्रत्येक माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच केलेली असल्यानं त्याचं वजन माणसांच्या संख्येहून जास्त आहे. 'आज १४०, उद्या २८०, खाणं तेच, डोस तोच, काय चाललंय कळत नाही' ही जी तक्रार प्रत्येक मधुमेहाच्या दवाखान्यात रोज ऐकू येते, तिच्या उत्तराचा एक मोठा तुकडा इथं आहे.

याच ठिकाणी एक धोकाही आहे, आणि तो न सांगता 'जागा बदला' एवढाच सल्ला देणं चुकीचं ठरेल. समजा, एखादी बाई वर्षानुवर्षं बेंबीच्या उजव्या बाजूच्या गाठीत टोचत आली आहे. साखर उतरत नाही म्हणून डोस वाढत वाढत तीस युनिटवर गेला आहे. आज तिनं हा लेख वाचला आणि उद्या सकाळी तेच तीस युनिट मांडीच्या निरोगी जागेत घेतले. ते तीसच्या तीस कामाला लागतील. दुपारपर्यंत घाम, थरथर, चक्कर. एकटी असेल तर बेशुद्धही पडू शकते. म्हणून गाठ सोडताना डोस कमी करावा लागतो, अनेकदा पाचव्या हिश्शाहूनही अधिक. आणि तो किती करायचा हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवायचं. त्या आठ-पंधरा दिवसांत ग्लुकोमीटरनं साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासायची, खिशात-पिशवीत साखर किंवा ग्लुकोज पावडर ठेवायची. इकडं सोडून दिलेली गाठ आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, हळूहळू बसते. जी बसत नाही, दगडासारखी टणक राहते, ती डॉक्टरांना दाखवावी. इन्शुलिनच्याच प्रथिनाचा थर साचून होणारी अशी एक वेगळी गाठ असते, आणि तिच्याविषयी ब्रिटनच्या औषध नियामकानं २०२० मध्ये मुद्दाम सूचना काढली होती.

आता बदलायचं कसं. निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्याला फेरपालट समजावून सांगावी लागत नाही. त्याच वावरात तेच पीक सारखं घेतलं तर जमीन काय करते ते त्याला ठाऊक आहे. कातडीखालच्या चरबीचंही तसंच आहे, तिला विसावा लागतो. मात्र बहुतेक लोक 'आज डावीकडं, उद्या उजवीकडं' करतात आणि आपण जागा बदलतो असं समाधान मानतात. त्यानं एका गाठीऐवजी बेंबीच्या दोन बाजूंना दोन गाठी होतात, इतकंच. स्पेनच्या अभ्यासात 'चुकीच्या पद्धतीनं बदलणारे' म्हणून जे मोजले गेले ते हेच लोक.

रोममध्ये २०१५ साली ५४ देशांतले तज्ज्ञ जमले होते. त्यांच्या शिफारशी पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाल्या. भारतातल्या डॉक्टरांनी तर २०१२ मध्येच इथल्या परिस्थितीसाठी वेगळ्या शिफारशी काढल्या होत्या. दोन्हींतली मूळ पद्धत सोपी आहे. बेंबीतून एक आडवी, एक उभी रेघ कल्पायची. पोटाचे चार भाग होतात. एक आठवडा एकच भाग वापरायचा, पुढच्या आठवड्यात घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं पुढचा. त्या भागातही प्रत्येक सुई आधीच्या सुईपासून किमान एक बोट लांब. बेंबीला लागून असलेली जागा, बरगडीच्या अगदी कडेची, ओटीपोटाच्या हाडाजवळची, जुन्या ऑपरेशनच्या व्रणावरची जागा सोडून द्यायची. म्हणजे प्रत्येक भागाला तीन आठवडे सुट्टी मिळते. मांडीचा वरचा, पुढचा-बाहेरचा भाग आणि कुल्ल्याचा वरचा बाहेरचा भाग यांचे असेच दोन-दोन वाटे करता येतात. दंडाचा मागचा-बाहेरचा मधला भागही चालतो, पण तिथं स्वतःला टोचणं अवघड.

लक्षात ठेवण्याचा सगळ्यात भरवशाचा मार्ग घराच्या भिंतीवरच असतो. कालनिर्णयवर दूधवाल्याचा खाडा लिहितो तशा त्याच चौकोनात दोन अक्षरं लिहायची: 'उव' म्हणजे उजवा वरचा, 'उखा' म्हणजे उजवा खालचा, मग 'डाखा', मग 'डाव'. सोमवार बदलला की अक्षरं बदलली. मोबाइलचं ॲप, छापील तक्ते, पोटावर ठेवायच्या प्लास्टिकच्या जाळ्या हे सगळं मिळतं. पण ज्या घरात इन्शुलिन आजी घेते आणि पेन नातू लावून देतो, त्या घरात भिंतीवरचं कॅलेंडरच दोघांनाही दिसतं.

भाग बदलताना वेळेचंही भान लागतं. साध्या मानवी इन्शुलिनचा वेग जागेप्रमाणे बदलतो: पोटातून सगळ्यात लवकर, मग दंडातून, मांडीतून सावकाश, कुल्ल्यातून त्याहून सावकाश. म्हणून आज सकाळी पोट, उद्या सकाळी मांडी, परवा दंड अशी उड्या मारणारी बदली चांगली नाही. साखर त्यानंही वरखाली होते. सकाळची वेळ पोटाची तर रोज पोटाचीच. त्या पोटातल्या पोटात फेरपालट. आपल्याकडं ३०/७०चं मिश्र इन्शुलिन सकाळ-संध्याकाळ घेणारे पुष्कळ आहेत. त्यांना सकाळी पोट आणि संध्याकाळी मांडी हा मेळ सोयीचा, कारण मांडीतून ते सावकाश उतरतं आणि मध्यरात्री साखर पडण्याचा धोका कमी होतो. नव्या धर्तीच्या ॲनालॉग इन्शुलिनला जागेचा फरक फारसा पडत नाही. गाठीचा मात्र त्यांनाही पडतो.

नाशिकच्या माणसाला यात आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ज्या अवयवात इन्शुलिन टोचलं त्याला लगेच कष्ट दिले तर तिथला रक्तप्रवाह वाढतो आणि औषध ठरल्यापेक्षा लवकर उतरतं. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला निघताना मांडीत टोचू नये. ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर पंढरीला पायी निघणाऱ्यांनी चालण्याआधीचं इन्शुलिन पोटातच घ्यावं, आणि इतकं चालणं असेल तर डोसचीही आधीच चौकशी करावी. ऑक्टोबरच्या छाटणीला द्राक्षबागेत दिवसभर हात वर करून कात्री चालवायची असते. त्या दिवसांत दंडाची जागा नको. कढत पाण्यानं अंघोळ केल्यावर लगेच टोचणं, किंवा टोचल्यावर ती जागा चोळून काढणं, हेही टाळावं. चोळण्याची आपली सवय जुनी आहे, दंडावर लस घेतली तरी आपण चोळतो.

शिफारशी वाचताना मला वारंवार जाणवतं की त्या ज्या घराची कल्पना करतात ते घर वेगळं आहे. तिथं माणसाला स्वतःची खोली आहे, दार लावता येतं. इथं दोन खोल्यांच्या घरात सासरे, दीर, मुलं यांच्यामध्ये नेसत्या साडीवर इन्शुलिन घेणाऱ्या बाईला पदर बाजूला केला की पोटाची एक पट्टी सहज मोकळी मिळते. मांडीसाठी तिला न्हाणीघरात जावं लागतं. म्हणून तिची सगळी इंजेक्शनं निरीच्या वरच्या त्या चार बोटांच्या पट्टीत होतात, आणि गाठही तिथंच होते. सातपूर-अंबडच्या कारखान्यात शिफ्टमध्ये काम करणारा माणूस जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या कोपऱ्यात शर्टाचं एक बटण काढून टोचतो. त्याचीही जागा ठरलेली. कपड्यांवरूनच टोचणारेही आहेत, आणि ते नकोच, कारण सुई कुठं गेली हे दिसत नाही. या लोकांना 'मांडी वापरा' असं सांगून भागत नाही. ज्या वेळेला घरात एकांत मिळतो, पहाटे किंवा रात्री झोपताना, त्या वेळेचं इंजेक्शन मांडीचं ठरवून द्यावं आणि गर्दीच्या वेळेचं पोटाचं. एवढा विचार सल्ला देणाऱ्यानं करायला हवा.

शरीरही वेगळं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं की भारतीय माणूस वजनानं बारीक असला तरी त्याच्या अंगात चरबीचं प्रमाण जास्त असतं, आणि हा प्रकार जन्मतःच दिसतो. पोट सुटलेलं, पण दंड-मांड्या काटकुळ्या, अशी माणसं आपल्याला घराघरात दिसतात. त्यांच्या मांडीत लांब सुई सरळ खुपसली तर ती चरबी ओलांडून स्नायूत जाते, आणि स्नायूतून इन्शुलिन झपाट्यानं उतरतं. कातडीची जाडी मात्र बारीक-जाड सगळ्यांचीच जवळपास सारखी, दोन-अडीच मिलिमीटर असते. म्हणून पेनसाठी चार मिलिमीटरची सुई जवळजवळ सगळ्यांना पुरते. ती सरळ, काटकोनात टोचायची, मोठ्या माणसाला बहुधा चिमूटही लागत नाही. अगदी बारीक माणूस आणि लहान मूल यांना चिमूट लागते. सिरिंजची सुई लांब असते, तिला चिमूट हवीच. पेनचं बटण दाबल्यावर दहा अंक मोजून मगच सुई बाहेर काढायची, नाहीतर दोन-तीन युनिट कातडीवरच ओघळतात.

सिरिंजचा विषय निघालाच आहे तर एक इशारा. वायलमधलं इन्शुलिन आपल्याकडं बहुधा मिलिलिटरला ४० युनिटचं असतं, त्याला लाल टोपणाची सिरिंज. पेनच्या काडतुसातलं १०० युनिटचं. सुया वाचवायला कुणी काडतुसातलं औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये ओढलं, तर ४०च्या खुणेपर्यंत १०० युनिट भरतात, अडीचपट. असं कधीही करू नये.

सुई पुन्हा वापरावी का? पुस्तकातलं उत्तर नाही असं आहे, आणि ते बरोबर आहे. वापरलेल्या सुईचं टोक बोथट होतं, वाकतं, आतली जखम वाढते. सुई जितकी जास्त वेळा वापरली तितक्या गाठी जास्त, असं बहुतेक पाहण्यांमध्ये दिसतं. पण दिवसाला चार इंजेक्शनं म्हणजे महिन्याला १२० सुया. नाशिकच्या गोळे कॉलनीत ठोक भावानं घेतल्या तरी तो खर्च पेन्शनरला, शेतमजुराला जाणवतोच, आणि सरकारी दवाखान्यात इन्शुलिन मिळालं तरी पेनच्या सुया मिळतीलच याची खात्री नसते. माझं म्हणणं असं की ज्याला एकदाच वापरणं परवडतं त्यानं कंजुषी करू नये. ज्याला परवडत नाही त्याला अपराधी वाटायला लावून काही साधत नाही. त्यानं डॉक्टरांना खरं सांगावं, सुई दुसऱ्या कुणालाही वापरू देऊ नये आणि जागा बदलण्याचा नियम दुप्पट काटेकोर पाळावा, कारण त्याला पैसे पडत नाहीत. खरं तर इन्शुलिन फुकट देणाऱ्या योजनेनं सुयाही फुकट द्यायला हव्यात. गाठीत वाया जाणारं औषध सुईपेक्षा महाग पडतं.

शिकवल्यानं फरक पडतो का, याचा पुरावा उत्साहवर्धक आहे, पण पक्का म्हणता येईल असा नाही. इटलीत साडेतीनशेच्या आसपास पेशंटांना तंत्र शिकवून चार मिलिमीटरच्या सुया दिल्या तेव्हा तीन महिन्यांत एचबीए१सी अर्ध्या टक्क्याहून थोडं अधिक उतरलं. त्या अभ्यासात तुलनेला दुसरा गट नव्हता. फ्रान्समध्ये दोन गट करून पाहिलं तर शिकवलेल्या गटाचं इन्शुलिन कमी लागलं, पण साखर दोन्ही गटांची सुधारली. नुसतं लक्ष दिलं गेल्यानंही माणसं नीट वागू लागतात, असा याचा अर्थ मी लावतो. या उपायाला औषध लागत नाही, खर्च जवळजवळ नाही आणि डोस सांभाळला तर धोकाही नाही. एवढ्यासाठी आणखी मोठ्या अभ्यासाची वाट पाहत बसण्याचं कारण नाही.

प्रश्न आहे तो हे शिकवणार कोण याचा. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी अभ्यासानं भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचं सांगितलं. त्यांतले इन्शुलिनवर असलेले लोक हा लहान हिस्सा, पण तोही लाखांत मोजावा लागेल. डॉक्टरांकडं एका पेशंटला पाच मिनिटं. मधुमेह शिक्षक मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यातच. उरतात त्या नर्स, उपकेंद्रातल्या आरोग्यसेविका, मेडिकलवाले आणि आशाताई. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून याच नाशिकमध्ये आहे, राज्यभरच्या एम.बी.बी.एस. आणि बी.एस्सी. नर्सिंगच्या परीक्षा इथून चालतात. इंजेक्शनच्या जागा तोंडपाठ म्हणून दाखवण्याऐवजी, प्रत्यक्ष पेशंटच्या पोटावर हात फिरवून गाठ शोधायला लावणारा एक प्रश्न तोंडी परीक्षेत सक्तीचा केला, तर पाच वर्षांत हा विषय राज्यातल्या प्रत्येक वॉर्डात पोचेल. विद्यापीठाला ते अवघड नाही.

टोचून झालेल्या सुयांचंही कुणी शिकवत नाही. २०१६च्या घनकचरा नियमांनी घरातल्या वापरलेल्या सुया-सिरिंज घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या. त्या घंटागाडीत उघड्या टाकल्या की कचरा वेगळा करणाऱ्याच्या हातात घुसतात. जाड प्लास्टिकचा, फिरकीच्या झाकणाचा रिकामा डबा घ्यावा, त्यात सुया साठवाव्या, भरला की चिकटपट्टी लावून वर 'सुया' असं मोठ्या अक्षरांत लिहावं आणि ओल्या-सुक्यात न मिसळता वेगळा द्यावा. ज्या दवाखान्यातून इन्शुलिन लिहून मिळतं त्यानं असे डबे परत घेतले तर उत्तमच.

तुम्ही इन्शुलिन घेत असाल, किंवा घरात कुणी घेत असेल, तर आज अंघोळीच्या वेळी बोटांनी पोट, मांड्या, दंड तपासा. घट्ट भाग लागला तर लिहायच्या पेननं त्याच्याभोवती वर्तुळ काढा आणि ते वर्तुळ घेऊन डॉक्टरांकडं जा. तोवर डोस किंवा जागा मनानं बदलू नका. आणि पुढच्या वेळी रिपोर्ट पाहून डॉक्टर चिठ्ठीवर डोस वाढवायला लागले, तर त्यांना नम्रपणे म्हणा: डॉक्टर, आधी एकदा इंजेक्शनची जागा हात लावून बघता का?